आतून घातलेले टाके

या, बसा इथं, पाय मोकळे सोडून बसा. एक भानगड सांगतो. मढी आहेत तीत, चिरफाड आहे, चोर कोण ते शोधून काढणारा माणूसही आहे. फक्त खून नाही. खून पुस्तकात आहे, आणि पुस्तकापायीच हे सगळं झालं. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका, मधेच चपला शोधू नका.

१

एका सोमवारी सकाळी मोठ्या इस्पितळात एक बाई आली. शिवणकाम करणारी. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच लोंबत होती, काढायचं भान राहिलं नसावं. काखेत एक जाडजूड रहस्यकादंबरी. मोठ्या साहेबांच्या दारात ती दोन तास बसली. आत बोलावलं तेव्हा तिनं पुस्तक उघडलं आणि टेबलावर साहेबांच्या पुढ्यात सरकवलं.

"ही माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. शवागारातलं टेबल, त्यावर एका तरुण पोरीचं प्रेत, चिरून पुन्हा शिवलेलं.

"बाई, ही कथा आहे. लेखक मनानं रचतात असलं."

"मनानं रचलेलं मला कळतं. ही माझी थोरली आहे. गेल्या वर्षी रस्त्यात गाडीनं उडवली, इथंच आणली, इथंच तुम्ही तिला चिरलंत. मी तिला घरी नेली आणि दार लावून माझ्या हातानं आंघोळ घातली. धाकटीला पण आत येऊ दिलं नाही. परवा धाकटीनंच हे वाचनालयातून आणलं. मी सदऱ्याची काजं करत होते, ती मोठ्यानं वाचत होती. साहेब, मी दार लावलं होतं. आता जो कोणी हे पुस्तक उघडतो तो त्या खोलीत येऊन उभा राहतो."

ती रडली नाही. रडली असती तर साहेबांनी पाणी मागवलं असतं, निदान काहीतरी केल्यासारखं झालं असतं.

मग काय, शोधाशोध सुरू. आतली गोष्ट बाहेर कोणी नेली? त्या पोरीच्या फाइलीवर पाहिलं तर ती कपाटातून दोनदा बाहेर निघाली होती आणि दोन्ही वेळा सही एकाचीच. अहवाल टाइप करणारा कारकून. दुपारच्या जेवणाच्या आत त्याला घरी बसवलं.

संध्याकाळी कारकुनाची आई आपल्या भावाच्या दारात उभी.

"दादा, तूच त्याला तिथं चिकटवलास, आता तूच सोडव. दोन पोरं आहेत त्याच्या पदरात."

"तो काय म्हणतो?"

"तेच तर. मी केलं म्हणत नाही, नाही केलं असंही म्हणत नाही. तोंडाला कुलूप लावल्यासारखा बसलाय."

२

हा भाऊ म्हणजे मामा. भाचा एकच, पण भाचा कामाला लागला आणि त्याचं ऐकून अख्खं इस्पितळ मामा म्हणायला लागलं. डॉक्टर मामा म्हणायचे, झाडूवाले मामा म्हणायचे. साहेबांची बायकोसुद्धा एकदा मामा म्हणाली होती.

मामाचं शिक्षण चौथीपर्यंत. काम शवागारात. लोकांना वाटतं प्रेत डॉक्टर चिरतो. डॉक्टर उभा राहतो, बघतो, बोलतो. चिरणारा, कवटी उघडणारा आणि शेवटी सगळं आत घालून शिवणारा माणूस वेगळा असतो. चौतीस वर्षं तो माणूस मामा होता. वर्ष झालं निवृत्त होऊन.

आणि आता मजा ऐका. ती कादंबरी लिहिणारे लेखकसाहेब मामाच्याच घरी यायचे. दर गुरुवारी, दुपारी, नेमानं. आपलं लिहिलेलं वाचून दाखवायचे आणि मामा चुका काढायचा. त्याबद्दल मामानं कधी चहासुद्धा घेतला नाही, उलट पाजला.

"मेल्यावर दोन तासांनी सुरी मारली आणि रक्ताची चिळकांडी उडाली? अहो, पंपच बंद पडलाय, चिळकांडी कुठून उडणार?" असं मामा म्हणायचा. किंवा, "मेंदू पांढराशुभ्र काय लिहिताय? राखाडी असतो, आणि मऊ. हातात नीट धरला नाही तर घसरतो." लेखकसाहेब बापडे माना डोलावत खोडायचे. मामाला खोटं लिहिलेलं सहन व्हायचं नाही. सुतार कसा दुसऱ्याच्या दारात शिरताना बिजागऱ्या बघतो, तसं.

पण एक नियम होता. कुठल्याही खऱ्या मढ्याची गोष्ट सांगायची नाही. असं असतं, असं नसतं, बस. अमक्याचं असं होतं, हे नाही. चौतीस वर्षांत हा नियम मामानं मोडला नव्हता, म्हणून तर संशय स्वतःवर येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

लेखकसाहेब परगावी सत्काराला गेले होते, गुरुवारी येणार होते. तोवर मामा भाच्याकडे गेला. भाचा जिन्यात बसला होता, गुडघ्यांवर हात.

"लेखकसाहेबांना कागद दिलास का तू?"

भाच्यानं गुडघे जवळ ओढून घेतले.

"अरे, मारलं नाही मी तुला कधी. खरं सांग."

"मामा, यात तुम्ही पडू नका."

"मी नाही तर कोण पडणार? तू तर आधीच पडलायस."

"माझं मी बघतो," भाचा म्हणाला, आणि मामाकडे न बघता आत गेला. गुन्हेगार जशी नजर चुकवतो, तशी त्यानं नजर चुकवली.

३

तरी मामा थांबला नाही. शवागारात त्या दिवशी माणसं किती? डॉक्टरबाई, फोटो काढणारा, मामा आणि कागद लिहिणारा भाचा. भाचा नसेल, तर उरलेल्यांत कोणीतरी.

फोटोवाल्याला सगळे फ्लॅश म्हणायचे. त्याच्या दुकानात एक तान्हं बाळ ओळखपत्राच्या फोटोसाठी आणलं होतं आणि ते मान धरत नव्हतं. फ्लॅश खुळखुळा वाजवत गुडघ्यांवर बसला होता.

"मामा, बरे आलात. तुमची गिऱ्हाइकं बरी, हलत तरी नाहीत."

"त्या शिंपीणबाईच्या मुलीचे फोटो तू काढलेस."

फ्लॅशनं खुळखुळा खाली ठेवला. "काढले. आणि पाकीट बंद करून साहेबांकडे दिलं. पाहिजे तर सील बघा. मामा, मी वरवरचा माणूस. कातडीच्या आत माझा काही संबंध नाही. तुम्ही सुरी उचलली की मी बाहेर. पहिल्या दिवशी थांबलो होतो, आठवतंय ना? कॅमेऱ्यासकट आडवा."

"आठवतंय. तुला उचलायला दोन माणसं लागली."

"मग. मला त्या पोरीचं ठाऊक आहे ते एवढंच. केस मोकळे होते, त्यात चिखल होता, एक चप्पल होती, एक नव्हती. बाकी तुम्हाला ठाऊक. डॉक्टरबाईंना विचारा. पुस्तकंबिस्तकं त्या वाचतात."

मामाला फ्लॅशचं पटलं. म्हणजे उरल्या डॉक्टरबाई. आणि डॉक्टरबाईंवर संशय घेणं मामाला जिवावर आलं, कारण बारा वर्षांत त्या बाईनं आतला एक शब्द बाहेर कोणाला सांगितला नव्हता.

४

डॉक्टरबाई खिडकीपाशी सफरचंद खात होत्या. मामानं विचारलं तशा हसल्या.

"मामा, मी त्या लेखकाला भेटलेच नाही कधी. पुस्तक मात्र आहे, साहेबांनी पाठवलंय. ते पान वाचलंत तुम्ही?"

"मला बारीक अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचा."

आता लक्षात घ्या, सोमवारपासून सगळे त्या पानाबद्दल बोलत होते, पण त्यात नेमकं काय आहे ते मामानं ऐकलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी पुस्तक उघडलं आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तशा सपाट आवाजात वाचायला लागल्या.

"'शिवण गळ्याखालून पोटापर्यंत गेली होती, पण ती शोधावी लागत होती. जिवंत माणसाला घालतात तो बारीक दोरा होता. टाके आतून घातलेले, गाठी कातडीखाली दडवलेल्या. केसांच्या दोन वेण्या घालून त्या डोक्यावरून आडव्या नेल्या होत्या. कानापासून कानापर्यंतची दुसरी शिवण त्यांच्याखाली निजली होती.'"

बाईंनी मान हलवली. "कोणी सांगितलं ह्याला हे? आपल्याकडे असं कोण शिवतं? दाभण आणि सुतळी, गोणी शिवल्यासारखं. बाहेर नातेवाईक ताटकळलेले असतात, आत पुढचं प्रेत थांबलेलं असतं."

मामा आपल्या बोटांकडे बघत होता.

"आणि गंमत बघा." बाईंनी फाइल काढली. "डोक्याला मार, बरगड्या किती मोडल्या, यकृत फाटलेलं, वजन, सगळं आहे यात. शिवणीबद्दल एकच ओळ. 'शव शिवून नातेवाइकांच्या ताब्यात दिले.' वेण्या नाहीत, गाठी नाहीत, दोरा नाही. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. तुमच्या भाच्यानं ही फाइल घरोघर वाटली असती तरी त्यातून हे पान निघालं नसतं."

"म्हणजे पोरगा सुटला," मामा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, खुर्चीला धरून.

"सुटला. फोटोही चिरण्याआधीचे. मीही नाही, कारण मी हात धुवून वर येते आणि मग शिवण होते. बारा वर्षांत मी तुमची शिवण कधी बघितलेली नाही, मामा."

त्या एवढं म्हणाल्या आणि सफरचंद हातात तसंच राहिलं. मग हळू विचारलं, "मी वर येते तेव्हा खाली कोण असतं?"

उत्तर एकच होतं, आणि ते देणारा समोर बसला होता.

५

मामा घरी गेला आणि दोन दिवस भिंतीकडे बघत बसला. तसं शिवलं होतं, हे खरं. ती मामाच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यातली पोरगी. तिच्या आईनं बाहेर येऊन विचारलं होतं, "माझ्या हातानं आंघोळ घालता येईल ना हिला?" मामा हो म्हणाला, आणि आत येऊन त्यानं दाभण उचलली, आणि ठेवून दिली. वरच्या वॉर्डातून जिवंतांची सुई मागून आणली. दीड तास शिवत होता. मग केसांतला चिखल धुतला आणि वेण्या घातल्या. स्वतःला मुलगी नाही, बहिणीच्या घातल्या होत्या लहानपणी, तेवढ्याच भांडवलावर. चौतीस वर्षांत एकदाच.

पण सांगितलं कोणाला? बायकोलाही नाही, ती तर आधीच गेलेली.

गुरुवारी लेखकसाहेब आले, खांद्यावर सत्काराची शाल. मामानं चहा टाकला नाही.

"शिवणीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

लेखकसाहेब हसले. "काय मामा, थट्टा करताय? तुम्हीच." पिशवीतून त्यांनी जुन्या कागदांची चळत काढली, त्यातला एक काढून समोर धरला. काळ्या शाईत लिहिलेलं, त्यावर लाल रेघ. "मी आधी लिहिलं होतं दाभण, सुतळी, गोणी शिवल्यासारखी शिवण. तुम्हीच मागच्या पुस्तकाच्या वेळी शिकवलेलं. वाचलं, आणि तुम्ही खुर्चीतून उठलात. म्हणालात, पोरीला असं शिवतात का? आई बाहेर बसलीय, तिला आंघोळ घालायचीय. मग बोटांनी दाखवलंत, सुई कशी आतून न्यायची, गाठ कुठं दडवायची, वेण्या कुठून घ्यायच्या. मी खोडून लिहीत गेलो."

मामाला आठवलं. उठलेलं आठवलं, हवेत बोटं फिरवलेली आठवली. तेव्हा वाटलं होतं, नेहमीसारखी चूक दुरुस्त करतोय.

"तुमचं बरोबर होतं, साहेब," मामा म्हणाला. "सुतळीच असते."

"मग तुम्ही..."

"मी बरोबर होतं ते खोडायला लावलं, आणि तिचं सांगितलं."

लेखकसाहेबांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता हो. "मला वाटलं, सगळ्यांनाच असं शिवतात. देवाशपथ, मामा. अहो, त्याच पानाचं सगळ्यांनी कौतुक केलंय, इतकं खरं कोणी लिहिलंच नाही म्हणतात."

"काढून टाका ते पान."

"तिसरी छपाई दुकानांत गेली. विकलेलं पुस्तक कुठं कुठं जाऊन मागू?" शाल सावरत ते म्हणाले, "पुढच्या छपाईत बदलतो. आणि पहिल्या पानावर तुमचे आभार मानतो, नावानिशी."

"नाव नको," मामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

६

मामा तसाच उठून इस्पितळात मोठ्या साहेबांकडे गेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अहवालात शिवण नाही, भाच्याचा संबंध नाही, बोललो तो मी, माझ्यावर काय करायचं ते करा.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले.

"मामा, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं होतं. चौतीस वर्षांत यांच्या तोंडून एक शब्द बाहेर गेला नाही, असं म्हणालो होतो. तुमच्यावर काय करू मी आता? तुम्ही इथं नाहीच. आणि कारकुनानं काल राजीनामा दिला. मी घेतला. वर कळवून टाकलं की दोषी माणूस गेला. आता पुन्हा कळवू की तो नव्हताच?"

"हो. कळवा."

"ते विचारतील, मग राजीनामा का दिला?"

हे मामालाही विचारायचं होतं. भाचा त्याच जिन्यात होता, त्याच पायरीवर.

"तुला कधी कळलं?"

"साहेबांनी पान दाखवलं तेव्हाच," भाचा म्हणाला. "अहवाल मीच टाइप केलेला. शाई पुसट उमटली म्हणून दोनदा केला, तेवढ्या त्या दोन सह्या. त्यात वेण्या नव्हत्या. पण प्रेत ताब्यात देताना मी वेण्या पाहिल्या होत्या. खाली दुसरं कोण होतं?"

"मग तोंड का शिवून बसलास? बोलायचं ना."

"काय बोलू? मामानं सांगितलं म्हणू? तिथं अजून नवीन माणसाला तुमचं नाव सांगून कामाला लावतात." भाच्यानं पायरीवरची धूळ बोटानं पुसली. "आणि मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून एक दिवस थांबलो. मग तुम्ही येऊन मलाच विचारलंत, कागद दिलास का. तेव्हा कळलं की तुम्हाला खरंच ठाऊक नाही."

मामा त्याच्या शेजारी बसला. दोघंही मोठी माणसं, पण जिना अरुंद, तेव्हा खांद्याला खांदा लागला. कोणी हलवला नाही.

७

राहिली ती बाई. मामा तिच्या घरी गेला तेव्हा ती मशीनवर होती. धाकटी शेजारी बसून उसवत होती. मामानं चौकटीत उभं राहून सांगितलं. शिवलं मी, बोललो मी, माझ्याकडून गेलं.

तिनं मशीन थांबवलं नाही. एक शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग वर बघितलं.

"टाके चांगले होते," ती म्हणाली. "मी त्याच धंद्यातली आहे. आंघोळ घालताना बोट फिरवलं, तर कुठं टोचलं नाही. मी म्हटलं होतं, ज्यानं केलं त्याचं भलं होवो."

मामानं हात जोडले.

"पण सांगायचं कशाला, भाऊ? तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. दोघांत राहिलं असतं."

"चुकलं."

"मी कोणाची नोकरी मागितली नव्हती. मला एवढंच पाहिजे होतं की ते पान बंद व्हावं. साहेब म्हणाले चौकशी झाली, माणूस काढला. पान तर उघडंच आहे." तिनं पुढचं कापड मशीनखाली घेतलं. "तुम्हाला करता येईल?"

मामा म्हणाला, करतो.

केलं त्यानं. डिंकाची बाटली खिशात घालून वाचनालयं पालथी घातली. पुस्तक मागायचं, कोपऱ्यात बसायचं, ती दोन पानं एकमेकांना चिकटवायची, तळहातानं दाबून धरायची, परत ठेवायचं. अकरा प्रती झाल्या. बाराव्या वेळी धरला. म्हाताऱ्या, पुस्तकं खराब करतोस म्हणून चारचौघांत बोलले, नाव लिहून घेतलं, आणि एका वाचनालयानं दुसऱ्याला कळवलं. आता त्याला कुठं आत घेत नाहीत. गुडघे गेलेत, फार चालवतही नाही. भाचा लोकांचे अर्ज टाइप करून देतो, कचेरीच्या बाहेर, छत्रीखाली. चौथी छपाई आली. त्यात बदललंय म्हणतात. पण पहिल्या तीन छपायांच्या हजारो प्रती घराघरांत पडल्यात, आणि मामाच्या हिशेबी अकरा.

आता तुम्ही म्हणाल, मग तू तरी हे आम्हाला कशाला सांगितलंस? डिंक लावायला माणसं कमी पडतात म्हणून. पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही, नाव सांगितलं की तुम्ही ते पान वाचायलाच घ्याल. पण घरातल्या फळीवर एखादी जुनी रहस्यकादंबरी असेल, वाचता वाचता शवागाराचं दार उघडलं आणि टेबलावर ती पोरगी दिसली, की तिथंच थांबा. पुढची ओळ वाचू नका. ती दोन पानं एकमेकांना चिकटवा, काठापासून काठापर्यंत, आणि वाळेपर्यंत हात ठेवा. तेवढं कराल का?